दसऱ्याला नवी थार फोर बाय फोर: शोरूमची ‘ऑफ-रोड डिलिव्हरी’ घ्यावी का, आणि घेतली तर काय करून घ्यावं?

माळरान_जालना विचारतात:

नमस्कार मंडळी. तीन दारांची थार बुक केली आहे. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. दसऱ्याला घरी आणायची आहे.

संभाजीनगरच्या शोरूमने दोन पर्याय दिलेत. एक नेहमीचा: गाडीवर झाकलेलं कापड काढायचं, पूजा, पेढे, फोटो, चावी. दुसऱ्याला ते ‘विशेष डिलिव्हरी’ म्हणतात. शहराबाहेर मुरमाच्या माळावर त्यांनी ट्रॅक केलाय, चावी तिथेच हातात देणार, आपलीच गाडी चढ-उतार, खड्डे आणि पाण्यातून चालवायला लावणार, वरून ड्रोनने शूटिंग. त्याचे पैसे वेगळे.

गाडी शोभेसाठी घेत नाही. बदनापूर तालुक्यात शेत आहे, गावापासून अडीच किलोमीटर पांदण रस्ता, सगळी काळी जमीन. जुलै ते ऑक्टोबर ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही. म्हणून विचारतो:

मीटरवर वीस-पंचवीस किलोमीटर असताना गाडी अशा ट्रॅकवर घालणं बरोबर आहे का? तिथे काही आपटलं तर विमा लागू होतो का? आणि त्यांच्या माणसाकडून नक्की काय शिकून घ्यावं? आधी फोर बाय फोर चालवलेली नाही.

---

गिअरपेटी:

भाऊ, मुहूर्ताची डिलिव्हरी आणि वापराची डिलिव्हरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सगळं उत्तर त्यातच आहे.

दसऱ्याच्या दिवशी कुठल्याही शोरूममधून एका दिवसात एरवीच्या कितीतरी पट गाड्या बाहेर पडतात. त्या दिवशी कोणाला तुमच्या गाडीखाली वाकून बघायला वेळ नसतो, आणि फोर-एल (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी स्थिती) समजावून सांगायला तर नाहीच. म्हणून त्या दिवशी फक्त पूजा करा आणि गाडी घरी आणा. तपासणी दोन-तीन दिवस आधी, नंबर टाकण्यापूर्वी, स्टॉकयार्डमध्ये जाऊन स्वतः करायची. ट्रॅकवरचं शिक्षण त्यानंतर, गर्दी नसलेल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी.

आता नव्या गाडीचं. फोर-एल लावल्याने नवी गाडी खराब होत नाही. खराब होते ती जास्त आरपीएमवर बराच वेळ जोर लावल्याने. नव्या डिफरन्शिअलमधले (ॲक्सलवरचा, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) क्राउन आणि पिनियन हे दोन गिअर सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरमध्ये एकमेकांत बसत असतात. त्या काळात सततचा जोर पडला की ते नेहमीपेक्षा जास्त तापतात. ब्रेक पॅडही पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत पूर्ण पकड देत नाहीत. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा गुळगुळीत थर असतो, तो झिजेपर्यंत चाक नेहमीपेक्षा जास्त घसरतं. म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक आणि टायर चारही कच्चे, आणि चालवणाराही नवखा. अशा वेळी तीस अंशांचा चढ चढवून घेण्यात काही मिळकत नाही.

तेव्हा शोरूमला सरळ सांगा: ट्रॅकवर तुमची डेमो गाडी द्या. ऑफ-रोडची पद्धतही अशीच आहे. फोर्डने ब्रॉन्को परत आणली तेव्हा अमेरिकेत घेणाऱ्यांसाठी ‘ऑफ-रोडिओ’ नावाचं शिबिर सुरू केलं. तिथे चालवायला कंपनीच्या गाड्या असतात, ग्राहकाची नवी गाडी त्याच्या घरीच राहते. आपल्याकडे महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी इगतपुरीला आहे. जालन्याहून समृद्धीने थेट जाता येतं. शोरूमचा ट्रॅक म्हणजे नुसती ड्रोनची हौस वाटली, तर तेच पैसे तिकडे लावा.

स्टॉकयार्डमधली तपासणी नीट करा, कारण फोर बाय फोरमध्ये बघायच्या जागा साध्या गाडीपेक्षा जास्त असतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायरचे आकडे बघा, मागच्या दारावरची स्टेपनी धरून. पाचव्यात फरक दिसला तर का ते विचारा. हवा स्वतःच्या गेजने मोजा. ट्रेलरवर पाठवताना टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरतात आणि डिलिव्हरीआधी ती कमी करायचं पुष्कळदा राहून जातं. दगडासारखी कडक गाडी घेऊन माणूस घरी जातो आणि सस्पेन्शनला नावं ठेवतो. बरोबर आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

मग मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका. ट्रेलरवर बांधलेल्या साखळ्यांचे व्रण ॲक्सल, हुक आणि चॅसिसवर दिसतात का बघा. डिफरन्शिअलचे ड्रेन प्लग, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) जोड, पुढच्या ॲक्सलची सील इथे तेलाचा ओलावा नको. पांढरट मेणासारखा थर दिसला तर तो गंजरोधक असतो, घाबरू नका. यार्ड शेताला लागून असेल तर बॉनेट उघडून वायरिंगवर उंदरांचे दात आणि बॅटरीजवळ लेंड्या शोधा, हे आपल्या भागात नेहमीचं आहे. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली नको. बराच काळ उभी राहिलेली गाडी इथेच पकडली जाते.

एवढं झालं की यार्डातच, कच्च्या जागेवर, टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगात), फोर-एल तिन्ही लावून पन्नास-पन्नास मीटर सरळ चालवून बघा. दिवा लुकलुकून स्थिर झाला पाहिजे. ठणका किंवा खडखड नको. हे तुमच्याच गाडीवर आणि नंबर पडण्याआधी झालंच पाहिजे, कारण नंतर निघालेला दोष वॉरंटीत दुरुस्त होतो, पण गाडी बदलून मिळत नाही.

---

एमएच_एकवीस:

कागदाचं मी सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम ४२ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय, तात्पुरती का होईना, डीलरला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. आता डीलरच्या पातळीवरच नोंदणी होते, आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. तेव्हा ‘आधी माळावर चावी घ्या, प्लेट पुढच्या आठवड्यात’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. पसंतीचा नंबर हवा असेल तर दसऱ्याच्या बरंच आधी पैसे भरून तो राखून ठेवा. त्याच आठवड्यात धावपळ केली तर मुहूर्त हुकतो.

जालन्याची गाडी एमएच २१ मध्ये आणि संभाजीनगरची एमएच २० मध्ये. पत्त्याचा पुरावा कुठला दिलाय ते आताच तपासा.

फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र. त्यावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. चॅसिस नंबर कागदावरून वाचू नका, गाडीवरचा वाचा आणि फॉर्म २१, फॉर्म २२, विमा या तिन्हींशी अक्षरन् अक्षर जुळवा. एक अक्षर चुकलं तरी पुढे दावा अडकतो.

विम्याबद्दल दोन मुद्दे. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा असतो. स्वतःच्या नुकसानीचा बहुधा एक वर्षाचाच घेतला जातो. पॉलिसीवर सुरू होण्याची तारीखच नाही तर वेळही असते. सकाळी अकराला ट्रॅकवर जाणार आणि पॉलिसी मध्यरात्रीपासून लागू, असं होता कामा नये. दुसरं, पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो. शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना त्यात संरक्षण नाही. शोरूमने कार्यक्रमाला ‘चॅलेंज’, ‘ट्रायल’ असं नाव दिलं आणि आमंत्रणावर तसं छापलं, तर दावा आला तेव्हा सर्व्हेअर नेमकं त्यावर बोट ठेवतो.

पाण्यातून जाणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. साध्या झीरो डेपमध्ये (सुट्या भागांचा घसारा न कापणारं संरक्षण) पाणी शिरून इंजिन गेलं तर पैसे मिळत नाहीत.

ट्रॅकवर सही करायला एक हमीपत्र देतात. ते आदल्या दिवशी मागवून घ्या आणि घरी वाचा. ‘सहभागीच्या वाहनाचे व शरीराचे नुकसान झाल्यास आयोजक जबाबदार नाही’ ही ओळ त्यात असतेच. ती वाचली की आपली नवी गाडी तिथे न्यायची की त्यांची डेमो, हे आपोआप ठरतं.

---

बालाघाट_लोरेंज:

वरच्या दोघांशी सहमत. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून लांब लिहितो. तीन तास मागून घ्या. त्यातला पहिला एक तास गाडी जागेवरून हलवायचीच नाही.

उभ्या गाडीवर: पुढचे-मागचे ओढायचे हुक कुठे आहेत ते वाकून हाताने धरून बघा. जॅक आणि पाना कुठे ठेवलाय, जॅक चॅसिसच्या कुठल्या बिंदूला लावायचा, स्टेपनी दारावरून उतरवताना वजन कसं पेलायचं, हे त्यांनी सांगायचं नाही, तुमच्याकडून करून घ्यायचं. एक चाक प्रत्यक्ष बदला. कारखान्यात आवळलेला नट पुरवलेल्या पान्याने सुटत नाही असं पुष्कळदा होतं. ते शोरूमच्या दारात कळलेलं बरं, पांदणीत नको. लांब दांड्याचा पाना वेगळा घ्यावा लागेल.

लिव्हर: टू-एच ते फोर-एच चालत्या गाडीत लागतं, फक्त स्टिअरिंग सरळ आणि वेग बेताचा हवा. फोर-एलसाठी गाडी पूर्ण थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा आणि लिव्हर न्यूट्रलमधून एका दमात पुढे न्यायची. अर्धवट राहिली तर न्यूट्रलमध्येच राहते, आणि तेव्हा गिअर टाकलेला असला तरी गाडी उतारावर मोकळी घरंगळते. म्हणून उतारावर फोर-एल बदलताना हँडब्रेक ओढायचाच. दात जुळत नसतील तर ताकद लावू नका. क्लच सोडून परत दाबा, किंवा सपाट जागेवर गाडी हातभर पुढे सरकू द्या, लागतं.

फोर-एच डांबरी रस्त्यावर नको. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक मुरमावर चाक घसरून सुटतो, डांबरावर सुटत नाही. मग सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. वळताना गाडी धरल्यासारखी होते. टू-एच केलं तरी दिवा विझत नाही, ते याच पिळामुळे. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पीळ सुटतो आणि दिवा विझतो. हा प्रयोग मैदानात करून दाखवायला सांगा, कारण डिलिव्हरीनंतर ‘फोर बाय फोर अडकलंय’ म्हणून येणाऱ्या फोनमध्ये हेच जास्त असतं.

चढ: गिअर आधी निवडायचा, मध्ये बदलायचा नाही. चढावर गाडी बंद पडली तर आधी क्लच दाबू नका. ब्रेक, हँडब्रेक, मग रिव्हर्स गिअर टाकून इंजिनच्या बळावर सरळ मागे उतरायचं. वळवून तोंड खाली करायचा मोह होतो आणि गाडी आडवी होऊन उलटते ती तिथेच. हा सराव डेमो गाडीवर किमान तीन वेळा करा. बाकी सगळं वेळेअभावी राहिलं तरी चालेल, हा सोडू नका.

उतार: फोर-एल पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढलेला. एकदा हिल डिसेंटशिवाय (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरून ठेवणारी यंत्रणा), एकदा ते लावून. दोन्ही पद्धती कळल्या पाहिजेत.

आडव्या खड्ड्यांची जागा, जिथे एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत जातं: नवखा माणूस इथे चाक फिरताना दिसलं की घाबरून एक्सलेटर सोडतो. थारमधली ब्रेकवर चालणारी डिफरन्शिअल लॉकची यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे देते. त्यासाठी चाक क्षणभर फिरावं लागतं. एक्सलेटर हलका पण स्थिर ठेवायचा, कटकट आवाज येतो, दोन-तीन सेकंदात गाडी निघते. पाय सोडला की यंत्रणाही सोडून देते.

पाणी: थारची सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. ती साठलेल्या, संथ पाण्याची आहे. ओढा वाहत असेल तर आकडा विसरा, गुडघाभर वाहतं पाणीही गाडी ढकलतं. आधी काठीने खोली आणि तळ बघा. माणसाच्या चालीच्या वेगाने शिरा म्हणजे बॉनेटपुढे लाट तयार होते आणि मागे पाणी खाली राहतं. मध्ये गिअर बदलू नका. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, कधीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लाखाचं काम निघतं. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभर-दोनशे मीटर चाला, पॅड सुकतात.

---

माळरान_जालना:

खूप उपयोगी. पण ट्रॅक मुरमाचा आहे, माझी अडचण काळ्या चिखलाची. ते तिथे शिकता येईल का? आणि रुतली तर ट्रॅक्टरच्या साखळीने ओढतातच. नवी गाडी तशी ओढली तर चालेल?

---

बालाघाट_लोरेंज:

मुरमावर काळी शिकता येत नाही, हे खरं. पण टायरची हवा कमी करणं आणि परत भरणं तिथे शिकून घ्या, चिखलात तेच निम्मं काम करतं.

आपली काळी जमीन ही फुगणारी चिकणमाती. पाणी धरून ठेवते आणि चाकाला चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की तुमचा ऑल-टेरेन टायर दोन फेऱ्यांत गोट्यासारखा गुळगुळीत होतो. हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांब पसरतो आणि कमी रुततो. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना वेग तीस-पस्तीसच्या आत. डांबर लागायच्या आधी परत भरायची. बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा पंप लावला तर फ्यूज जातो. पंप चालताना इंजिन सुरू ठेवा.

गिअर फोर-एल दुसरा किंवा तिसरा. पहिल्यात चाक फार जोराने फिरतं आणि खणतं. थांबायचं नाही, वेग वाढवायचाही नाही. गाडी पुढे सरकणं थांबलं त्याच क्षणी पाय काढा. पुढचे दहा सेकंद जो एक्सलेटर दाबतो तो डिफरन्शिअलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकवून बसतो, मग फोर बाय फोरचा उपयोग संपला. आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यायचा प्रयत्न आधी करा.

नाही निघाली तर खोरं हवंच. चारही चाकांपुढचा चिखल उतरता काढा आणि खाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या घाला. पऱ्हाट्या चाकाच्या दिशेला समांतर नको, आडव्या हव्यात, आणि निघाल्यावर खाली वाकून सगळ्या काढा. एखादी काडी ब्रेकच्या नळीत किंवा एबीएसच्या वायरमध्ये अडकून राहते. दुसरी गोष्ट आणखी गंभीर: बीएस-सहा डिझेलमध्ये सायलेन्सरच्या रेषेत काजळी जाळणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करत असताना प्रचंड तापतो. गाडी वाळल्या गवतावर, पाचटावर किंवा कडब्यावर उभी करून इंजिन चालू ठेवू नका.

ट्रॅक्टर चालतो, साखळीच्या हिसक्याने नाही. साखळी ताणत नाही, तिचा सगळा झटका हुकावर आणि चॅसिसवर येतो. तुटली तर काचेतून आत येते. गाडीच्या एकूण वजनाच्या अडीच-तीन पट तुटण्याची क्षमता असलेला पट्टा किंवा दोर, ८ टनांच्या आसपास, नऊ मीटर लांब, आणि ४.७५ टनी दोन डी-शॅकल (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या) घ्या. पिन हाताने पूर्ण आवळून पाव फेरी मागे घ्या, नाहीतर ताणानंतर सुटत नाही. दोर फक्त कंपनीच्या हुकाला. ॲक्सलला नाही, स्टिअरिंगच्या रॉडला नाही, ट्रॉली जोडायच्या गोळ्याला तर कधीच नाही, तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये सावकाश ताण घेईल, तुम्ही त्याच वेळी फोर-एल दुसऱ्यात हलका एक्सलेटर. मधोमध दोरावर ओलं पोतं टाका, तुटला तर उसळी कमी होते. बघायला जमलेली माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर हवीत. चिखलात सगळ्यात अवघड काम हेच असतं.

---

गुरखा_लातूर:

एका मुद्द्यावर वेगळं मत मांडतो. आपली गाडी ट्रॅकवर अजिबात नेऊ नका, हे सगळ्यांना लागू नाही. फोर्सची गुरखा घेणाऱ्याने स्वतःची गाडी न्यावीच, कारण पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शिअल लॉक यांत्रिक आहे आणि तो लागतो-सुटतो का हे सपाट यार्डात कळत नाही. एक चाक उचललं जाईल अशा दोन खड्ड्यांवर हळूच चढवा, आधी मागचा लॉक, मग पुढचा. पुढचा लॉक लागलेला असताना स्टिअरिंग जवळजवळ वळत नाही, ते अनुभवून ठेवा आणि लगेच सोडवा. दहा मिनिटांचं काम आहे, आरपीएम हजार-दीड हजारच्या वर जातही नाही.

मारुतीच्या जिम्नीवाल्यांनी फोर-एलचा दिवा आणि पुढच्या हबचं लागणं-सुटणं बघावं. पुढचे हब हवेच्या पोकळीवर चालतात, एखादी बारीक रबरी नळी निसटलेली असली तर लिव्हर फोर-एचमध्ये जाते पण पुढची चाकं ओढत नाहीत. मुरमाच्या छोट्या चढावर पुढची चाकं माती फेकतात का, हे बाहेर उभं राहून दुसऱ्याने बघायचं.

थारलाही हेच थोड्या प्रमाणात लागू. शिकणं डेमो गाडीवर, पण स्वतःची गाडी सौम्य मुरमावर अर्धा तास न्यायला हरकत नाही. आणि ड्रोनवाल्याला त्या अर्ध्या तासात लांब ठेवा. कॅमेरा असला की माणूस चिखल उडवायला पाय दाबतो.

---

गिअरपेटी:

गुरखा_लातूर, लॉकबद्दल मान्य. माझं म्हणणं खोल पाणी आणि तीव्र चढापुरतं घ्या.

---

पांदण_ते_परभणी:

जागेबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

शोरूमने जागा कुठली निवडली ते विचारा. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो, शेतात सोयाबीन काढणीला आलेलं, कापूस उभा. अशा दिवसांत माळरान किंवा मुरमाचा उतार एवढ्याच जागा योग्य. जमीनमालकाची लेखी परवानगी शोरूमकडे असली पाहिजे. बंद पडलेल्या खदानीत साठलेलं पाणी दिसायला ट्रॅकसारखं असतं, पण कडेपासून दोन पावलांवर सरळ खोल कडा असतो. तिथे नको म्हणा.

पैठणला नाथसागराच्या उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर फोटोसाठी जायची टूम निघते. वरचा थर वाळून भेगाळलेला, खाली लोण्यासारखा गाळ. गाडी बसली की ट्रॅक्टरही बसतो. शिवाय तो परिसर जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. गौताळा, नायगाव मयूर अभयारण्य यांचंही तेच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली गाडी जप्तही होते. म्हैसमाळला रस्त्यावरून जा, पठारावरचं गवत तुडवू नका. पावसाळ्यानंतर तिथली माती पातळ असते, चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिचीच घळ होते.

पूजेबद्दलही सांगतो. नारळ बंपरवर किंवा हुकावर फोडू नका, चाकाजवळ दगड ठेवून त्यावर फोडा. कापडी छत असेल तर हळद-कुंकू त्यावर नको, हळदीचा डाग निघत नाही, काचेवर लावा. झेंडूच्या माळेची तार ग्रिलवर घासते, सुतळीत ओवलेली माळ आणा आणि हायवेला लागण्याआधी काढा, रेडिएटरपुढे फुलं दाबून बसतात. चाकाखालची लिंबं सावकाश पुढे घेऊन चिरडा.

त्या दिवशी ॲक्सेसरीच्या टेबलावर घाई करू नका. बुल बार डिसेंबर २०१७ च्या केंद्रीय सूचनेनुसार चालत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्याने बिघडतं. गाडीखालचं गंजरोधक कोटिंग घेणार असाल तर मारताना स्वतः उभे राहा. घाईत मारणारा माणूस चॅसिसची पाणी निघायची भोकं आणि ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करणारं तोंड) टोपी दोन्ही बुजवतो. ब्रीदर बुजला की गरम ॲक्सल पाण्यात थंड होताना सीलमधून पाणी आत ओढतो. तेल दुधासारखं पांढरं झालं की समजा हेच झालंय. वायर कापून दिवे जोडून देणाऱ्याला हात लावू देऊ नका, इलेक्ट्रिकची वॉरंटी तिथेच वादात पडते.

---

माळरान_जालना:

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: दसऱ्याच्या चार दिवस आधी यार्डात तपासणी, दसऱ्याला फक्त पूजा आणि घर, आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर त्यांच्या डेमो गाडीवर तीन तास. शोरूमने मान्य केलं, ड्रोन वगळल्यावर पैसेही कमी केले. संभाजीनगर ते जालना आणायला समृद्धी घ्यावी की जुना रस्ता?

---

गिअरपेटी:

जुना जालना रोड. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये एकाच वेगाने तासभर चालणं टाळायचं असतं, समृद्धीवर तेच होतं. जुन्या रस्त्यावर गिअर खाली-वर होतात, वेग चाळीस ते ऐंशी असा बदलत राहतो, नव्या इंजिनाला तेच हवं. नंतर महिन्यातून एकदा मुरमावर फोर-एच लावून काही किलोमीटर चालवत जा, उन्हाळ्यातही. ट्रान्सफर केस आणि पुढच्या ॲक्सलमध्ये तेल फिरतं, नाहीतर जूनमध्ये गरज पडते तेव्हा लिव्हर जड लागते.

---

बालाघाट_लोरेंज:

एक राहिलं. पांदणीतून आल्यावर डांबरावर साठ-सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर अलाइनमेंटला पळू नका. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून चिकटलेली असते, एका चाकात किलोभर सुद्धा. चाकाच्या आत हात घालून ओली असतानाच काढा, वाळली की दगड होते. प्रेशरने धुताना नोझल अल्टरनेटर, ब्रीदर आणि वायरच्या जोडांवर धरू नका, आणि रेडिएटरची जाळी आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा.